प्रश्नांची आणेवारी

जानेवारी 2024 मध्ये तलाठी भरतीचा निकाल जाहीर झाला आणि 200 गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराच्या नावापुढे 214 गुण लागलेले लोकांनी पाहिले, तेव्हा राज्यभर प्रथम हशा पिकला आणि मग संताप उसळला. विरोधकांनी घोटाळ्याचा आरोप केला, समाजमाध्यमांवर थट्टेला ऊत आला, आणि महसूल खात्याला खुलासा करावा लागला, की हे गुण उमेदवाराने प्रत्यक्ष मिळवलेले मूळ गुण नसून सामान्यीकरणानंतरचे, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या शब्दात सांगायचे तर नॉर्मलायझेशननंतरचे, गुण आहेत. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि त्यांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज, अशा विषम परिस्थितीत ती परीक्षा 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात 57 सत्रांमध्ये घ्यावी लागली होती. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी, आणि म्हणून प्रत्येक सत्राचे गुण एका पातळीवर आणणे अपरिहार्य. खुलासा खरा होता, आणि तरीही त्याने कोणाचे समाधान झाले नाही. माझ्या मते न होणेच रास्त होते. मात्र असमाधानाचे खरे कारण 214 हा आकडा नव्हे. तो आकडा विनोदी आहे, परंतु निरुपद्रवी आहे. ज्या प्रश्नांच्या बळावर आपण लाखो तरुणांचे भवितव्य ठरवतो, त्या प्रश्नांची काठिण्यपातळी आपण परीक्षेपूर्वी कधी मोजलेलीच नसते, आणि परीक्षा उरकल्यावर तिचा अदमास उमेदवारांच्याच गुणांवरून बांधतो, ही गोष्ट मात्र निरुपद्रवी नाही.

200 पैकी 214 कसे होतात, ते आधी पाहू. अनेक भरती परीक्षांत प्रचलित असलेली रीत अशी, की एका सत्राची सरासरी आणि त्या सरासरीभोवती गुण किती विखुरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन, ही दोन मापे घ्यायची आणि त्यांच्या साहाय्याने त्या सत्राचे गुण प्रमाण मानलेल्या सत्राच्या मापात बदलून मांडायचे. समजा, सकाळच्या सत्राची सरासरी 80 आणि विचलन 30 आहे, तर प्रमाण मानलेल्या सत्राची सरासरी 100 आणि विचलन 33 आहे. सकाळी 176 गुण मिळवणारा उमेदवार आपल्या सरासरीहून 96 गुणांनी वर आहे. त्या 96 ला 33 भागिले 30, म्हणजे 1.1 ने गुणले की 105.6 होतात, त्यांत प्रमाण सत्राचे 100 मिळवले की 205.6. यात लबाडी काहीच नाही. सूत्र ही एक सरळ रेषा आहे आणि सरळ रेषेला 200 चे छप्पर ठाऊक नसते, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना सारखाच नियम लागला असेल तर 205.6 या आकड्याने कोणाचे काही बिघडत नाही. क्रम तोच राहतो.

बिघडू शकते ते त्याच्या आधीच्या पायरीवर. सकाळच्या सत्राची सरासरी 80 आणि दुपारची 100 आली, याची दोन कारणे संभवतात: सकाळची प्रश्नपत्रिका कठीण होती, किंवा सकाळी बसलेले उमेदवार तुलनेने कच्चे होते. सूत्र यांपैकी पहिलेच कारण खरे धरून चालते. सर्व सत्रांतील उमेदवारांचे समूह सरासरी क्षमतेने एकसारखे आहेत, हे त्याचे मूलभूत गृहीतक. उमेदवारांची वाटणी सर्वस्वी यदृच्छेने, चिठ्ठ्या टाकल्यासारखी, झालेली असेल आणि प्रत्येक सत्रात हजारो उमेदवार असतील, तर हे गृहीतक बव्हंशी टिकते. परंतु वाटणी जिल्ह्यांनुसार, केंद्रांच्या सोयीनुसार किंवा अर्जाच्या क्रमानुसार झाली असेल, तर ज्या सत्रात हुशार मुले अधिक जमली त्या सत्रातील प्रत्येकावर सूत्र नकळत दंड बसवते, कारण त्या समूहाची हुशारी त्याला प्रश्नपत्रिकेच्या सुलभतेसारखीच दिसते. वाटणी कशी झाली हे निकालाच्या कागदावर कोठेही लिहिलेले नसते.

ज्या पदासाठी ही परीक्षा होती त्या तलाठ्याच्या दप्तराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पेच ओळखीचा वाटावा. पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने जमिनीचा सारा निव्वळ उत्पन्नाच्या अंदाजावर बसवण्याचा घाट घातला आणि तो सपशेल फसला. पुढे 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी निराळी वाट धरली. मातीचा रंग आणि पोत पाहायचा, खोली मोजायची, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करायचे, आणि सोळा आण्यांपासून खाली नऊ प्रती ठरवून प्रत्येक शेताची आणेवारी लावायची. त्यांच्या साऱ्याचे दर न्याय्य होते की नव्हते हा वाद निराळा. पण जमिनीची प्रत आणि शेतकऱ्याची मेहनत या दोन गोष्टी एकाच पिकात मिसळून समोर येतात, आणि केवळ रास पाहून त्यांची फोड करता येत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते. आपल्या परीक्षा मंडळांच्या हाती रास तेवढी आहे.

ही फोड परीक्षेच्या बाबतीत करता येते, हे दाखवण्याचे श्रेय ज्यांना प्रामुख्याने जाते ते डेन्मार्कचे गणिती गेऑर्ग राश. 1901 साली जन्मलेले हे गृहस्थ काही काळ लंडनला संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या सान्निध्यात संख्याशास्त्र शिकले होते. पन्नासच्या दशकाच्या आरंभी त्यांच्यापुढे वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या नोंदी आल्या. वेगवेगळ्या वयांत त्या मुलांकडून वेगवेगळे उतारे वाचून घेतलेले होते आणि प्रत्येक उताऱ्यातील चुका मोजलेल्या होत्या. प्रश्न असा, की सोपा उतारा वाचताना पाच चुका करणारा मुलगा पुढे कठीण उतारा वाचताना आठ चुका करतो, तेव्हा त्याची प्रगती झाली की अधोगती? या खटपटीतून आणि डॅनिश सैन्याच्या बुद्धिमापन कसोट्यांवर केलेल्या कामातून जे प्रतिमान सिद्ध झाले, ते त्यांनी 1960 साली कोपनहेगनहून प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा ग्रंथात मांडले.

त्याचा गाभा असा. उमेदवाराची क्षमता आणि प्रश्नाचे काठिण्य या दोन्ही गोष्टी एकाच मोजपट्टीवरचे बिंदू आहेत असे मानावे, आणि उमेदवार तो प्रश्न सोडवील याची संभाव्यता या दोन बिंदूंमधील अंतरावर, केवळ त्या अंतरावर, अवलंबून आहे असे धरावे. दोन्ही बिंदू एकाच ठिकाणी असतील तर संभाव्यता निम्मी, म्हणजे शेकडा 50. उमेदवार एका एककाने वर असेल तर शेकडा 73, दोन एककांनी वर असेल तर 88, तीन एककांनी असेल तर 95. आणि तो एका एककाने खाली असेल तर 27. वक्ररेषा वर जाताना हळूहळू सपाट होत जाते आणि शंभराच्या जवळ पोहोचते, पण तो कधी ओलांडत नाही. छपराची अडचण येथे मुळातच उद्भवत नाही.

या प्रतिमानाचे खरे सौंदर्य मात्र एका साध्या युक्तीत आहे. कोणतेही दोन प्रश्न घ्या. ज्यांनी दोन्ही सोडवले आणि ज्यांना दोन्ही आले नाहीत, त्या सर्वांना बाजूला ठेवा, कारण त्यांच्याकडून या दोन प्रश्नांच्या तुलनेविषयी काहीही कळत नाही. उरले ते केवळ एकच प्रश्न सुटलेले लोक. समजा, असे 900 जण आहेत. त्यांपैकी 600 जणांना पहिला सुटला आणि 300 जणांना दुसरा. हे दोनास एक प्रमाण, प्रतिमान लागू पडत असेल तर, पुण्यातील नामांकित शिकवणीच्या वर्गात घ्या की गडचिरोलीच्या आश्रमशाळेत घ्या, तेच येते. माणसांची क्षमता समीकरणातून निघून जाते आणि हाती उरतो तो निव्वळ दोन प्रश्नांच्या काठिण्यातील फरक. हुशार समूहात दोन्ही प्रश्न सोडवणारे अधिक आणि कच्च्या समूहात दोन्ही चुकणारे अधिक, पण मधल्या लोकांतील प्रमाण अढळ. जमिनीची प्रत पिकापासून वेगळी काढण्याचा याहून निखळ मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

आणि एखाद्या प्रश्नाबाबत हे प्रमाण अढळ राहिले नाही, तर तेही उपयोगाचेच. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या वेळापत्रकावर रचलेले गणित ठाण्याच्या मुलाला सोपे आणि नंदुरबारच्या मुलाला विनाकारण कठीण जात असेल, तर दोन्हीकडची प्रमाणे जुळत नाहीत, आणि हा प्रश्न गणिताबरोबर आणखीही काही मोजतो आहे अशी स्पष्ट सूचना मिळते. प्रश्न काढणाऱ्या विद्वानांच्या समितीला ही गोष्ट चर्चेतून क्वचितच कळते. समितीतील बहुतेक जण लोकलने आलेले असतात.

राश यांच्या समकालीन अमेरिकनांनी हेच काम निराळ्या बाजूने केले. न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत फ्रेडरिक लॉर्ड यांनी, आणि लॉर्ड व नोविक यांच्या 1968 च्या ग्रंथातील आपल्या प्रकरणांत ॲलन बर्नबाम यांनी, प्रश्नाला काठिण्याखेरीज आणखी दोन अंगे असतात असे मांडले: एक, तो जाणत्याला आणि अजाणत्याला किती तीक्ष्णपणे वेगळे करतो, आणि दुसरे, काहीच येत नसताना निव्वळ अंदाजाने त्याचे उत्तर बरोबर येण्याचा संभव किती. चार पर्यायांच्या प्रश्नात हा दुसरा भाग शेकडा 25 च्या आसपास असू शकतो, हे आपल्या भरती परीक्षांना बसणाऱ्या प्रत्येक मुलाला संख्याशास्त्र न शिकताही ठाऊक असते. राश यांच्या अनुयायांना ही भर मानवली नाही. प्रश्नांना जास्तीची अंगे जोडली की माणसे समीकरणातून निघून जाण्याची ती युक्ती चालेनाशी होते, आणि प्रश्न प्रतिमानात बसत नसेल तर प्रश्न टाकून द्यावा, प्रतिमान वाकवू नये, असा त्यांचा बाणेदार आग्रह. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि आपल्याकडील व्यवहाराच्या दृष्टीने मिटण्याची गरजही नाही, कारण दोन्ही पक्षांची पूर्वअट एकच आहे: वेगवेगळ्या सत्रांच्या प्रश्नपत्रिकांत काही प्रश्न समाईक असले पाहिजेत.

शंभरांपैकी पंधरा-वीस प्रश्न जरी दोन सत्रांत समाईक असले, तरी त्या प्रश्नांच्या आधारे कोणता समूह किती हुशार हे कळते, आणि मग उरलेल्या प्रश्नांच्या काठिण्याचा हिशेब निर्विवाद लागतो. आपल्या बहुसत्र भरती परीक्षांत वरच्या सूत्राने जे केले जाते, त्यात अशा समाईक प्रश्नांची गरजच भासत नाही. समूह सारखे आहेत असे मानले की काम भागते. हे आळसापोटी होते असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक खरी अडचण आहे, आणि तिची दखल न घेता परदेशी पद्धतींचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणा होईल. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारच्या सत्राआधी शिकवणीवर्गांच्या मोबाइलवर पोहोचतो. समाईक प्रश्न फुटला की तो मोजपट्टी म्हणून निकामी होतो. किंबहुना तो उलटा फसवतो, कारण दुपारचा समूह त्या प्रश्नांपुरता अकस्मात विद्वान दिसू लागतो. ज्या देशात संपूर्ण प्रश्नपत्रिका फुटतात तेथे पंधरा प्रश्न सांभाळणे सोपे नाही.

दुसरी अडचण अधिक प्रतिष्ठित आहे. परीक्षा झाली की प्रश्न आणि उत्तरतालिका प्रसिद्ध व्हावी, उमेदवारांना हरकती घेता याव्यात, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता यावी, हा हक्क आपण झगडून मिळवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकाराच्या कक्षेतील माहिती होय असा निर्वाळा दिला. जपून ठेवलेल्या प्रश्नपेढीवर चालणाऱ्या परीक्षांना हा उजेड मानवत नाही. अमेरिकेतही हाच झगडा झाला. न्यूयॉर्क राज्याने 1979 साली परीक्षेतील प्रश्न उघड करण्याचा कायदा केला तेव्हा परीक्षा संस्थांनी कडाडून विरोध केला होता. आणि त्यानंतर लवकरच जे घडले ते या विषयात रस असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे.

1980 च्या एका राष्ट्रीय शालेय परीक्षेत भूमितीचा एक प्रश्न होता. चौकोनी पायाचा एक निमुळता मनोरा (पिरॅमिड) आणि त्रिकोणी पायाचा दुसरा, दोन्हींच्या सर्व कडा समान. एकाची त्रिकोणी बाजू दुसऱ्याच्या त्रिकोणी बाजूला तंतोतंत चिकटवली, तर नव्या आकृतीला बाहेरून किती पृष्ठे दिसतील? पहिल्याची पाच आणि दुसऱ्याची चार मिळून नऊ, त्यांतून चिकटलेली दोन वजा, उत्तर सात; तालिकेतही सातच. फ्लोरिडातील एका शाळकरी मुलाने उत्तर लिहिले पाच. आपले उत्तर चूक ठरले हे कळल्यावर त्याने प्रत्यक्ष आकृती बनवून पाहिली, तेव्हा दोन मनोरे जोडले की त्यांच्या शेजारच्या बाजू दोन ठिकाणी एकाच सपाटीत येऊन एकजीव होतात आणि खरोखरच पाच पृष्ठे उरतात, हे सिद्ध झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चूक कबूल करून असंख्य मुलांचे गुण वाढवावे लागले.

संख्याशास्त्राच्या अभिमान्यांनी येथे किंचित थांबावे. असा प्रश्न प्रतिमानाच्या चाळणीतून विनासायास पार होऊ शकतो, कारण वर्गातील हुशार मुले जर सातच उत्तर देत असतील, तर जाणते व अजाणते वेगळे करण्यात तो प्रश्न उत्तम ठरेल. प्रतिमानाला सत्य ठाऊक नसते; कोणाचे उत्तर तालिकेशी जुळले एवढेच त्याला ठाऊक असते. ती चूक शोधून काढली ती एका मुलाने, आणि प्रश्न उघड झाला होता म्हणून. त्यामुळे गुप्तता आणि उजेड यांत निवड करायची वेळ आली तर माझा कौल उजेडाच्या बाजूचा राहील. पण अशी निवड करण्याची वेळ आलेलीच नाही. गुणांत न धरायचे दहा-पंधरा समाईक प्रश्न प्रत्येक सत्रात विखरून घालावेत, ते दर उमेदवाराला एकसारखे न देता आलटून पालटून द्यावेत, आणि ज्यांवर गुण मिळतात ते सर्व प्रश्न पूर्वीप्रमाणेच जाहीर करावेत. संगणकावर होणाऱ्या परीक्षेत यात तांत्रिक अवघडपणा काहीच नाही. फुटलेला समाईक प्रश्न ओळखू येतो, कारण त्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत एकाएकी ढळते. तो हिशेबातून काढून टाकला की झाले.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेन परीक्षेने दुसरा मार्ग पत्करला आहे. तेथे प्रत्येक सत्रात आपल्या बरोबरीने किंवा आपल्या खाली किती टक्के परीक्षार्थी आहेत ते पाहून शतमक, म्हणजे पर्सेंटाइल, दिले जाते, आणि तेही दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत. आपल्या राज्याची सीईटीही शतमकावरच चालते. छपराची अडचण या पद्धतीत नाही, पण समूह सारखे असल्याचे गृहीतक जसेच्या तसे आहे. सात स्थळांचा हेतू बरोबरी टाळणे हा आहे, हे मान्य. परंतु सत्रात एक लाख मुले असतील तर एका मुलाने सरकल्यावर शतमक 0.001 ने सरकते. पुढचे चार अंक भागाकाराने उत्पन्न केलेले असतात, कोणत्याही मुलाच्या ज्ञानातून आलेले नसतात. ते छापले की आईबापांना वाटते मोजमाप फार बारकाईने झाले.

मोजमाप किती बारीक असते? शंभर प्रश्नांच्या परीक्षेत 80 गुण मिळवणाऱ्या उमेदवाराची, तितक्याच कठीण पण निराळ्या प्रश्नांवर, दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षा घेतली, तर त्याचे गुण चारएक गुणांनी सहज इकडेतिकडे होतील, आणि त्यात ना त्याचा दोष ना परीक्षकाचा. एजवर्थ नावाच्या अँग्लो-आयरिश अर्थशास्त्रज्ञाने 1888 आणि 1890 साली लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात हेच दाखवून दिले होते. परीक्षक निराळे, पण तितकेच योग्य, नेमले गेले असते तरीही जे खात्रीने उत्तीर्ण झाले असते, असे यशस्वी उमेदवारांपैकी एकतृतीयांश ते दोनतृतीयांशच निघतात, असा त्याचा निष्कर्ष. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, आणि आपण अर्ध्या गुणाने हुकलेल्या मुलाला अजूनही अपात्र म्हणतो.

अशा वातावरणात नोव्हेंबर 2024 मध्ये प्रयागराजच्या रस्त्यावर हजारो उमेदवार सामान्यीकरणाविरुद्ध उतरले, आणि उत्तर प्रदेशच्या लोकसेवा आयोगाला आपली पूर्वपरीक्षा दोन दिवसांऐवजी एकाच दिवशी घेण्याचे मान्य करावे लागले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. एक दिवस, एक पाळी, एक प्रश्नपत्रिका ही त्यांची मागणी संख्याशास्त्राच्या अज्ञानातून आली असे वर्तमानपत्री पंडितांनी म्हटले. मला ते पटत नाही. ज्याला हिशेब दाखवला जात नाही, त्याने हिशेबच नको म्हणावे, हा व्यवहारी शहाणपणा आहे. तथापि ही मागणी सर्वत्र पुरी होणारी नाही. दहा लाख उमेदवारांना एकाच वेळी संगणकापुढे बसवण्याइतकी यंत्रे राज्यात नाहीत, आणि कागदावर एकाच दिवशी घेतलेल्या परीक्षेत प्रश्नपत्रिका फुटण्याचा धोका कसा असतो, हे कोणाला नव्याने सांगायला नको.

म्हणून मागणी करायचीच तर ती अशी करावी, की तिला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला सबब सापडू नये. भरतीच्या जाहिरातीत सामान्यीकरणाचे सूत्र देण्याची प्रथा आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. निकालाबरोबर प्रत्येक सत्राची उमेदवारसंख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन, तसेच उमेदवारांची सत्रांमध्ये वाटणी कोणत्या रीतीने झाली त्याचा दाखला, ही चार कलमे जोडायला एका अव्वल कारकुनाची एक दुपार पुरेल. प्रत्येक प्रश्नापुढे तो किती जणांनी सोडवला आणि वरच्या व खालच्या गटांत त्याला कसा प्रतिसाद मिळाला, हे दोन आकडे छापायला आणखी एक. रद्द झालेल्या प्रश्नांचे गुण सर्वांना वाटण्याऐवजी ते प्रश्न हिशेबातूनच वगळावेत, कारण वाटलेल्या गुणांनी ज्याने उत्तर शोधण्यात पाच मिनिटे घालवली आणि ज्याने तो प्रश्न वाचलाही नाही, ते दोघे एका रांगेत येतात आणि सत्राची सरासरीही विनाकारण वर सरकते. समाईक प्रश्नांची योजना पुढच्या भरतीपासून, प्रथम एखाद्या लहान संवर्गासाठी, आरंभता येईल. तिची आखणी करण्याइतके संख्याशास्त्र जाणणारी माणसे पुणे आणि मुंबई विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांत आजही आहेत, आणि त्यांना बोलावण्यासाठी निविदा काढावी लागत नाही.